काडीएवढा काना

नाशिकला लोक रामकुंडावर स्नानाला जातात, त्र्यंबकला जातात, हंगामात गेले तर द्राक्षांची पेटी घेऊन परततात. मी गेले होते ती लोकांचे पैसे परत करायला. निधी गोळा करणाऱ्या बाईवर अशी वेळ आलेली तुम्ही कधी ऐकली नसेल. मीही ऐकली नव्हती.

आधी माझी नोकरी सांगते. कोल्हापुरात आमची एक लहानशी संस्था होती. तुरुंगात जे कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा खटला अजून उभा राहायचाय आणि गुन्हा शाबीत व्हायचाय, त्यांच्यासाठी ती काम करायची. यातल्या कितीतरी जणांना कोर्टानं जामीन मंजूर केलेला असतो, तरी ते आतच बसलेले असतात, कारण त्यांच्यासाठी जामीन राहणारं माणूस पुढे येत नाही. मी या संस्थेची निधिसंकलन प्रमुख. प्रमुख मीच आणि शिपाईही मीच. शाळेसाठी पैसे मागा, लोक देतात. देवळाच्या कळसासाठी मागा, उभ्या उभ्या देतात. तुरुंगातल्या माणसासाठी मागितले की समोरचा आधी खिसा चाचपतो, जणू मीच आत्ता सुटून आले आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिककडे काम वाढवायचं ठरलं तेव्हा मी एक पत्रक काढलं, 'जामीन निधी'. ओळखीपाळखीच्या पत्त्यांवर पाठवलं आणि काय आश्चर्य, मनीऑर्डरी यायला लागल्या. इतका प्रतिसाद आम्हाला कधीच मिळाला नव्हता. कार्यालयात पेढे वाटले. पेढे संपल्यावर कुणीतरी पत्रक नीट वाचलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं काना खाल्ला होता. वर ठळक अक्षरात 'जमीन निधी', आणि खाली, 'डोंगरातल्या गरीब कुटुंबांना जमीन मिळवून देण्यासाठी हात पुढे करा.' पुण्यात म्हणे ध चा मा झाला होता, आमच्याकडे जा चा ज झाला. प्रूफ कुणी वाचलं होतं ते विचारू नका.

जमिनीसाठी दिलेला पैसा जामिनाला वापरायचा नाही, यावर संस्थेत दुमत नव्हतं. चिटणीस म्हणाले, पत्रं पाठवा. मी म्हटलं, कागदानं घोळ केलाय, आता तोंडानं निस्तरते. आणि चैत्रातल्या एका सकाळी नाशिकला उतरले.

द्वारका

नाशिकचं आमचं काम पगारे वकील बघायचे. पन्नाशीचे, अंगानं भरलेले, आणि स्वभावानं इतके मऊ की उलटतपासणी घेण्याआधी साक्षीदाराला 'जेवलात का' विचारत असतील. स्टँडवर स्कूटर घेऊन आले आणि पहिलं वाक्य बोलले, "ताई, मिसळ खाऊन निघू."

कोल्हापूरच्या बाईला मिसळ खायला घालायची म्हणजे धाडसच. मी मनात म्हटलं, बघू. मटकीवर शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि वाटीत दही. दही बघून मला हसू आलं. आमच्याकडे मिसळीबरोबर दही मागितलं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघतो. पण नाशिकचा रस्सा सावकाश चढतो, आमच्या कटासारखा पहिल्या घासालाच कानशिलात लगावत नाही. अर्ध्यावर आल्यावर मीच दही ओढून घेतलं. वकील नुसते हसले.

खाता खाता त्यांनी एका माणसाबद्दल सांगितलं. लक्ष्मण भोये. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. द्राक्षाच्या हंगामात मजुरीला खाली आला होता आणि मळ्यातल्या पंपाची केबल चोरल्याच्या आरोपात धरला गेला. चोरली की नाही ते कोर्ट ठरवील, पण जामीन मंजूर होऊन वर्ष उलटलं होतं आणि तो आतच होता. कोर्टाला जिल्ह्यातला, मालमत्तेचा दाखला असलेला एक जामीनदार हवा होता. आमच्या निधीचं काम असं, की जामीनदाराचा जाण्यायेण्याचा खर्च द्यायचा, कागदपत्रं काढायची, बुडालेली मजुरी भरून द्यायची. निधी उभा राहिला तर पहिला माणूस लक्ष्मण सोडवायचा, हे वकिलांनी मनाशी धरलं होतं.

"घरचं कुणीच येत नाही हो," ते म्हणाले. "एसटीच्या कंडक्टरबरोबर किती निरोप धाडले. लक्ष्मणला विचारलं, तर म्हणतो, राहू द्या वकीलसाहेब, बसतो मी."

"बसतो मी?"

"तेवढंच. माणसाची आशा सुटली की असं बोलतो."

मलाही ते खरं वाटलं. आता निधीच परत द्यायचा म्हणजे या लक्ष्मणाचं काय, हा विचार मिसळीपेक्षा जास्त जळजळ करत राहिला.

द्वारकेचा चौक म्हणजे चारी बाजूंनी ट्रक, रिक्षा, हॉर्न आणि त्यातून गायीसारखे निवांत चालणारे लोक. आमचे पहिले देणगीदार रमणशेठ यांचं तिथंच ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं दुकान होतं. मी काना हरवल्याची गोष्ट सांगितली. शेठनी गल्ल्यावरून मान वर केली.

"म्हणजे जमीन नाय, बेल? ते ड्रायव्हर लोकांना करतात ते?"

"तेच."

शेठ खो खो हसले. "अहो बेन, माझं अर्धं गिऱ्हाईक ॲक्सिडेंटमध्ये आत जाऊन आलंय. त्यांचा मालक जामीन राहतो म्हणून संध्याकाळी बाहेर येतात. ज्याला मालक नाय त्यानं काय करायचं? ठेवा पैसे. जमिनीला दिले तेव्हा मी एवढा विचार पण केला नव्हता." मग पोराला हाक मारून त्यांनी आमच्यासाठी उसाचा रस मागवला. मला वाटलं, सगळे असेच निघाले तर दोन दिवसांत काम संपेल.

इंदिरानगर

काळेबाई निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर मराठी शिकवलेलं. दार उघडताच मी म्हटलं, "नमस्कार, मी कोल्हापूरहून आलो."

आमच्याकडच्या बायका घराबाहेरही सर्रास आलो-गेलो करतात. लिहिताना मी सांभाळते, बोलताना जीभ ऐकत नाही. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कोण आलो?"

"मी. आले."

"हं. मग आत ये."

टेबलावर आमचं पत्रक होतं आणि त्यावर लाल शाई. 'जमीन निधी' खोडून बाईंनी वर 'भूमिनिधी' लिहिलं होतं. जमीन हा शब्द फारसी, असा शेरा समासात. मी खरी चूक सांगितली तेव्हा बाईंचा चेहरा पडला. त्या पत्रकातली आणखी तीन अशुद्धं त्यांनी काढली होती, पण हा काना त्यांच्याही नजरेतून निसटला होता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "गंमत बघ. आले आणि आलो यात फरक एका कान्याचा. तुझ्या छापखान्यात जो काना हरवला, तो तुझ्या बोलण्यात येऊन बसलाय."

मी इतकी हसले की ठसका लागला. बाईंनी पन्हं आणून दिलं, पाठोपाठ आंब्याची डाळ. खाणं झाल्यावर पैशांचा विषय काढला तेव्हा त्या स्वच्छ म्हणाल्या, "मला परत दे हो. आमच्या ह्यांच्या आठवणीत दिले होते. ह्यांना झाडं लावायची हौस होती, स्वतःची वीतभर जमीन मिळाली नाही. माझ्या मनात जमीनच होती. तुझं काम वाईट नाही, पण मन असं दुसऱ्या डब्यात ओतता येत नाही."

मी पैसे दिले. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. निघताना बाईंनी चिवड्याची पुडी हातात दिली आणि दारातून विचारलं, "कोण निघाली?" मी म्हटलं, "मी निघाले." त्या खूश झाल्या.

वणी

दिंडोरी ओलांडली आणि वकिलांच्या स्कूटरनं मान टाकली. चैत्रातली दुपार, सावलीला एक बाभूळ. रस्त्यानं नाशकात राहणारे खानदेशी भाविक सप्तशृंगीच्या गडाकडे चालले होते, झेंडे खांद्यावर, पायाला फडकी गुंडाळलेली. दमलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन चाललेल्या एका टेंपोनं आम्हाला घेतलं. स्कूटर बाभळीखालच्या चहावाल्याच्या हवाली केली. टेंपोत एक आजी बाजूला सरकून म्हणाली, "बठ व माय, जागा शे." मी कशाला चालले ते तिनं विचारून घेतलं. तुरुंगातला माणूस म्हटल्यावर खिसा चाचपणारे मी खूप पाहिले, ही आजी मात्र म्हणाली, "आईना पायले लागी ये, सुटी जाई तो." गडावर जायचं माझं राहूनच गेलं, पण आजीचं बोलणं गाठीला बांधून मी वणीला उतरले.

तिसरे देणगीदार दौलतअण्णा. वणीच्या अलीकडे त्यांचा द्राक्षमळा. द्राक्षबाग म्हटलं की आपण घोस लटकलेले कल्पितो. मी गेले तेव्हा खरड छाटणी चालली होती. सगळ्या वेली बोडक्या, नुसती खोडं तारांना धरून उभी. कोल्हापूरकडची उसाची हिरवीगार शेतं बघितलेल्या माणसाला वाटावं, इथं काहीतरी अशुभ घडलंय. अण्णा म्हणाले, "आत्ता कापलं नाय तर पुढं काय नाय येत." ओसरीवर बसवून त्यांनी चहा सांगितला. त्यांची बायको हौसाबाई उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत बसली होती. बोलत नव्हती, पण एक शब्द सोडत नव्हती.

अण्णांनी देणगी का दिली होती? त्यांच्या मळ्यात छाटणीला, विरळणीला दरसाल सुरगाण्याकडची माणसं येतात. "लय इमानी लोक. पण जमिनीचा कागद नाय एकाकडं. आज्यापासून कसतात न् कायम भ्यात राहत्यात. म्हणून दिले." मी काना सांगितला. अण्णांचा चेहरा बदलला.

"कैद्यांना? मागल्या साली माझ्या हिरीवरची केबल नेली चोरांनी. बाग वाळायची येळ आली होती. त्यांना सोडवायला पैसे माझे?"

"चोरी अजून शाबीत झालेली नाही, अण्णा. कच्चे कैदी."

"कच्चे म्हंजी पिकायच्या आधीच तोडलेले म्हणा ना." स्वतःच्या बोलण्यावर त्यांना हसू आलं, पण ते मऊ पडले नाहीत. "नाय ताई. पैसे परत ठेवा. चहा घ्या न् जा. राग नाय माझा."

मी पैसे ओसरीवर ठेवले. मला राग आला होता, त्यांचा नव्हे, छापखान्याचा. एवढी भली माणसं, आणि मी त्यांच्या दारात जाऊन त्यांचा भलेपणा परत करत फिरत होते. वकील म्हणाले, "इथवर आलोय तर लक्ष्मणच्या पाड्यावर जाऊन येऊ का? इथून जीप मिळतात." मुक्काम वणीतच केला.

पाड्यावर

वणीच्या पुढे रस्ता चढायला लागतो आणि बागा संपतात. डोंगरउतारावर जागोजाग काळे डाग आणि धूर. मला वाटलं वणवा. वकिलांनी सांगितलं, राब भाजतायत. भाताची रोपं जिथं टाकायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. जीपनं सोडल्यावर बरंच चालावं लागलं. मी दोनदा घसरले, दुसऱ्यांदा चपलेचा अंगठा तुटला. मग अनवाणी.

लक्ष्मणची बायको जनी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिशीच्या आतली, काटक, कपाळावर गोंदण. तिची सासू पाट्यावर खुरासणीची चटणी वाटत होती. लक्ष्मणचा थोरला भाऊ महादू दारात उकिडवा बसलेला. जनी त्याच्याकडे पाठ करूनच वावरत होती, हे आल्या आल्या कळत होतं. आम्ही कोण ते सांगितलं. नागलीची भाकरी आणि चटणी पुढे आली. त्यांच्या बोलण्यात डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोली इतकी मिसळलेली की निम्मं मला वकील समजावून देत होते, पण जे झालं ते समजायला कुणाची गरज पडली नाही.

मी म्हटलं, "लक्ष्मणला जामीन पाहिजे. जामीन दिला की तो घरी येईल."

सासूचा वरवंटा थांबला. जनी उठून उभी राहिली.

"मी कवाची म्हणते. आमच्या वाटणीची द्या न् आणा त्याला. पण ह्यो नाय म्हणतो. भाऊ कसला? ढेकळाचा भाऊ ह्यो."

महादू जमिनीकडे बघत म्हणाला, "नाय द्यायची."

"काय नाय द्यायची?" मी विचारलं.

"जमीन."

सासू मधेच चिडून बोलली, "वकिलाचा निरोप येतो, जमीन घेऊन या. घेऊन या म्हणं! पाटीत भरून आणायची व्हय?"

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. वकिलांनी कपाळाला हात लावला. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी महादूला म्हणालं होतं, जामीन द्या, म्हणजे सुटेल. त्यानं ऐकलं जमीन. कोर्टाचा शब्द त्याच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदा पडलेला, आणि जमीन हा शब्द जन्मापासून. डोंगरातल्या या पट्टीवरून पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी हुसकायला येतच होतं, मग सरकारनं एका माणसाच्या बदल्यात ती मागितली यात त्यांना नवल वाटायचं काही कारणच नव्हतं. तो मागच्या पावली परतला. नंतर वकिलांचे निरोप आले, 'जामीन घेऊन या,' आणि प्रत्येक निरोपानं त्यांची भीती पक्की होत गेली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथं तर पायरीवरूनच घात झाला होता.

मी चुलीतल्या राखेत काडीनं 'ज' काढला. "ही तुमची जमीन." मग त्याच्यापुढे एक उभी रेघ ओढली. "आणि हा जामीन. कोर्टाला हा हवाय. जमीन नको, माणूस हवा. हा माणूस तारखेला येईल असा शब्द देणारा कुणीतरी. तो मधे राहणारा माणूस म्हणजे जामीन."

जनी वाकून बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती.

"येवढ्या काडीपायी?" ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातली काडी घेतली, मोडली आणि चुलीत घातली. मग पदर तोंडावर ओढून रडली. महादू उठून राबाकडे निघून गेला. मला तो माणूस मुळीच आवडला नाही. चुकलं ते चुकलं, पण पुन्हा एकदा जाऊन विचारायला याला काय झालं होतं? पट्टीवर एकट्याचा डोळा असेल, असंही मनात आलं. जनीच्या मनात ते वर्षभर होतं, तिनं मला तसं सांगितलंही.

आता जामीनदार कोण? पाड्यावर प्रत्येकाकडे जमीन होती आणि सातबारा एकाकडेही नव्हता. जंगलातली पट्टी, तिचा उतारा कुठला? पगारे त्याचे वकील, त्यामुळे त्यांना जामीन राहता येत नव्हतं. मी म्हटलं, मी राहते. ते म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर काय आहे?" कोल्हापुरातली भाड्याची खोली आणि एक सायकल. तेवढ्यानं कोर्टाचं समाधान झालं नसतं. म्हणजे अखेर जामिनाला जमीन लागतेच, हे त्या पाड्यावर उभं राहून मला कळलं, आणि मला जुळाऱ्याचाही राग येईनासा झाला.

पुन्हा वणी

जनी आणि महादू आमच्याबरोबर निघाले. जीपमध्ये ती पुढे, तो मागे. दौलतअण्णांच्या ओसरीवर माझे पैसे दुसऱ्या दिवशीही तसेच होते, फक्त वर दगड ठेवलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मी सगळं सांगितलं. अण्णा ऐकता ऐकता हातातली छाटणीची कात्री उघडझाप करत होते. मी राखेतल्या रेघेपाशी आले तेव्हा कात्री थांबली.

"मला काय करायचं म्हणता?"

वकिलांनी लपवाछपवी केली नाही. "तुमचा सातबारा कोर्टात दाखवायचा. त्यावर जामीन राहिल्याची नोंद होते. लक्ष्मण तारखेला आला तर काही नाही. पळाला तर दंड तुमच्यावर येईल."

आतून सुपाचा आवाज थांबला आणि हौसाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"तुम्ही जमिनीसाठी दिलं होतं ना? पैसे परत घेतले, ठीक. मग आता जमीनच मधे ठेवा."

"गप गं. केबलचोर निघाला तर?"

"निघाला तर कोर्ट बघंल. तुमाला कोण म्हणतंय चोर नाय म्हणून लिहून द्या? येईल येवढंच सांगायचंय ना?"

अण्णांनी महादूकडे पाहिलं. जनीपासून दूर, अंगणाच्या कडेला तो उभा होता.

"काय रं, तुझा भाऊ पळंल का?"

महादूला प्रश्नच कळला नसावा असं वाटलं. मग तो म्हणाला, "कुठं पळंल? जमीन हितंच हाय त्याची."

हे वाक्य अण्णांना जसं कळलं तसं आमच्या दोघांना कळलं नसेल. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि हौसाबाईंना म्हणाले, "तलाठ्याकडं जाऊन येतो. ह्यांना जेवायला वाढ." हौसाबाईंनी दगड उचलून पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हे बी न्या. मी देते म्हणून लिवा." मी त्यांच्या पाया पडले. कोल्हापुरी माणूस सहसा वाकत नाही असं म्हणतात, पण मी पडले.

जेवायला पंगत बसली तेव्हा महादू म्हणाला, भूक नाय. जनीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नाशिकरोड

उतारा, दाखला, कोर्टातल्या खेपा यांची कहाणी सांगत नाही. ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना पटायची नाही. अण्णा वणीहून एसटीनं येत राहिले. बागेची छाटणी हौसाबाईंनी पुढे नेली. आणि एका संध्याकाळी आम्ही तुरुंगाच्या दाराबाहेर उभे होतो. शेजारी शेंगदाण्याची गाडी, मुलाखतीला आलेल्या बायकापोरांची पांगापांग. आमच्यात वकील, अण्णा आणि मी. थोडी पुढे जनी, फडक्यात भाकरी बांधलेली. महादू भिंतीपाशी.

लक्ष्मण बाहेर आला. मी मनात त्याचं वेगळं चित्र काढलं होतं. धावत येईल, जनी रडेल, मी डोळे पुसेन. तो हळू चालत आला, हातात पिशवी, आणि बायकोकडे न बघता सरळ भिंतीपाशी भावाकडे गेला.

"कुठली पट्टी गेली?" त्यानं विचारलं.

"काय नाय गेली," महादू म्हणाला.

"खोटं नको बोलू. तुला तवाच कोर्टात सांगितलं होतं ना, मी बसतो, जमीन नको देऊ. हिला सांगू नको म्हणलो होतो, ही देऊन टाकंल. तरी दिली तू?" त्याचा आवाज फुटला. "ओहळाकडची दिली का? रोपाची?"

महादू काही बोलला नाही. वर्षभर बोलला नव्हता, मग आता कसा बोलणार?

बसतो मी. वकील माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. वर्षभर हा माणूस त्या दाराआड जमीन राखत बसला होता. ती कुणी मागितलीच नव्हती.

अण्णा पुढे झाले. "तुझी नाय गेली. माझी हाय मधे. तू तारखेला आलास की झालं."

लक्ष्मणनं त्यांना प्रथमच पाहिलं. टोपी, धोतर, छाटणीनं चरे पडलेले हात. अण्णा खरं सांगतायत की नाही, हे तो कितीतरी वेळ तपासत राहिला. मग पगारे वकिलांकडे वळून म्हणाला, "तारीख कवा हाय?"

वकिलांनी सांगितली. त्यानं ती दोनदा म्हणून घेतली.

जनी जागची हललेली नव्हती. सगळं तिनं ऐकलं होतं. आता ती नवऱ्याजवळ येईल म्हणून मी बाजूला सरकले, पण ती भिंतीपाशी महादूसमोर जाऊन थांबली. डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली बसून फडकं सोडलं आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"भाऊ," ती म्हणाली, "पहिलं तू खा."